रंगवलेले केस तुटतायत: केराटिन, बॉण्ड, प्रोटीन की खोबरेल?

पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी कंगव्यात अडकलेला एक केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळातून गळलाय. तसं गळणं वाढलं असेल तर पार्लरपेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गाठ नाही आणि हातात आखूड तुकडा आलाय, तर तो केस मधूनच तुटलाय. पुढचं सगळं या तुटण्याबद्दल आहे.

दुसरी परीक्षा ओल्या केसाची. एकच केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ताणा. धडधाकट केस थोडा लांबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. ठाण्यातल्या घोडबंदरहून येणाऱ्या माझ्या एका क्लायंटने दोनदा ब्लीच करून मधाळ हायलाइट्स करून घेतले होते. तिचा केस ताणला तसा च्युइंगमसारखा लांबत गेला, परत आखडलाच नाही, मग तुटला. तिच्यासोबत आलेल्या मावशी फक्त पांढऱ्यासाठी रंग लावतात. त्यांचा केस ताणताच कटकन तुटला. दोघींची तक्रार एकच, उपाय मात्र अगदी वेगळे.

कारण रंग आणि ब्लीच केसाला सारखे वागवत नाहीत. पर्मनंट रंगातला अमोनिया केसावरचं खवल्यांचं आवरण फुलवतो आणि पेरॉक्साइड आत जाऊन काम करतं. पांढरे केस झाकायला सहसा २० व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड वापरतात. 'अमोनिया फ्री' डब्यातही आवरण फुलवायला बहुधा दुसरं अल्कधर्मी रसायन असतंच, त्यामुळे त्या दोन शब्दांवर विसंबू नका. ब्लीच याच्या पुष्कळ पुढे जातं. आपल्या काळ्या केसातलं रंगद्रव्य मोडता मोडता ते केराटिनला, म्हणजे केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाला, धरून ठेवणारे गंधकाचे बंधही तोडतं. शिवाय वरचा नैसर्गिक स्निग्ध थर जातो, केस पाणी जास्त पितो, फुगतो आणि गुंततो.

आता उपाय. ठाण्याच्या गोखले रोडवर काय किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये काय, तुटक्या केसांसाठी पहिलं नाव निघतं ते केराटिनचं. माझं मत स्पष्ट आहे: ब्लीच केलेले केस तुटत असतील तर ते करू नका. या नावाखाली बहुतेक ठिकाणी होतं ते स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ आणि गुळगुळीत करणं. फॉर्मल्डिहाइड सोडणारं किंवा ग्लायॉक्सिलिक आम्लाचं द्रावण लावून वरून दोनशे अंशांच्या पुढे तापलेली इस्त्री फिरवतात. केस चकचकीत दिसतात, पण आधीच खिळखिळ्या केसाला ती उष्णता म्हणजे आगीतून फुफाट्यात. ग्लायॉक्सिलिकने रंगही फिका पडतो.

बॉण्ड ट्रीटमेंट ही वेगळी गोष्ट. २०१४ मध्ये ओलाप्लेक्स हा ब्रँड आल्यापासून हा प्रकार रुळला. तुटलेले बंध सांधण्याचा त्यामागचा दावा आहे. तिचा खरा उपयोग ब्लीच चालू असतानाच होतो, कारण नुकसान तेव्हा घडत असतं. ब्लीच करायचंच असेल तर तिचे पैसे वाचवू नका. आधीच च्युइंगम झालेल्या केसाला थोडा आधार मिळेल, पण पूर्वीचा केस परत येणार नाही. मावशींना तर तिची गरजच नाही. त्यांच्यावर ती करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग मावशींना काय? खोबरेल. मॅरिको कंपनीच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांचा २००३ चा अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातून प्रथिनं झिरपणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने, ब्लीच केलेल्या केसातही. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही मला तो पटतो, कारण खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असतात, आत शिरतात. धुण्याआधी दोनेक तास लांबीला लावा, खसाखसा चोळू नका. धुतल्यावर कंडिशनर, आणि तो केसात असतानाच रुंद दातांचा कंगवा. प्रोटीन मास्क मात्र लांबत जाणाऱ्या केसांसाठी, तोही दोन-तीन आठवड्यांतून एकदाच. कटकन तुटणाऱ्या केसाला प्रोटीनचा मारा केला तर तो आणखी कडक होतो.

पाण्याकडेही बघा. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते तसं सौम्य. घोडबंदरच्या सोसायट्यांत टँकर येतात, आणि ते पाणी बोअरचं असलं की नळावर पांढरा थर धरतो. तोच ब्लीच केलेल्या केसावरही बसतो. अशा घरात महिन्यातून एकदा ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून काढणारं रसायन) असलेला शॅम्पू कोणत्याही स्पापेक्षा जास्त काम करतो. आणि सकाळच्या लोकलसाठी ओले केस क्लचरमध्ये आवळून निघू नका. केस ओला असतो तेव्हाच सर्वांत कमजोर असतो.

लांबत गेलेल्या टोकांना खरा उपाय कात्रीचा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणून एकदम सगळं कापायला मन होत नसेल तर दर दोन महिन्यांनी थोडं थोडं काढा आणि तोवर पुन्हा ब्लीच नको. टचअपला बसताना रंग फक्त मुळांना लावायला सांगा. दरवेळी टोकांपर्यंत ओढलेला रंग हेच मावशींच्या केसांचं मूळ दुखणं होतं. डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा आहे तेही विचारा, आणि पांढरे झाकायला ४० म्हणाले तर नको म्हणा. आधी काळी मेंदी लावली असेल तर ते लपवू नका. काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात, पेरॉक्साइड लागलं की केस तापून जळू शकतो. अशा वेळी आधी एका बारीक बटेवर करून बघायला सांगा.