लघवीच्या पिशवीत सोडायचं औषध: बीसीजी की केमो?

लघवीच्या पिशवीतली कॅन्सरची गाठ दुर्बिणीने काढली, बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, "आता पिशवीत औषध सोडायला लागेल." इथून घरात चर्चा सुरू होते. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या औषधाच्या दुकानात खानापूर, निपाणी, संकेश्वरकडची माणसं चिठ्ठी पुढे करून विचारतात, "ह्यातलं जास्त पॉवरचं कुठलं?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कुणाला कुठलं औषध, हे आधी रिपोर्ट ठरवतो. त्यानंतर रुग्णाच्या जुन्या आजारांचा, घरातल्या संडासाचा आणि गावापर्यंतच्या रस्त्याचा विचार येतो. या गोष्टी डॉक्टरांना तुम्हीच सांगायच्या असतात, कारण ओपीडीच्या गर्दीत त्या विचारल्या जातीलच असं नाही.

दोन्ही औषधं बारीक नळीने थेट पिशवीत जातात, सलाईनमधून नाही. त्यामुळे केमो म्हटलं की जे केस गळणं डोळ्यापुढे येतं, ते इथे सहसा होत नाही. कॅन्सर पिशवीच्या स्नायूपर्यंत पोचलेला नसेल तरच हा पर्याय. पोचला असेल तर प्रश्नच वेगळा, तो या लेखात घेत नाही.

बीसीजी म्हणजे क्षयाच्या जंतूचा दुबळा केलेला, पण जिवंत भाऊबंद. कॅनडात १९७६ साली मोरालेस आणि सहकाऱ्यांनी तो पिशवीच्या कॅन्सरवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तो पिशवीच्या अस्तरात शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतो. केमो, म्हणजे मायटोमायसिन किंवा जेमसायटाबिन, पेशींना थेट मारते. बाळांना टोचतात ती बीसीजीची लस आणि हे औषध यांचा जंतू एकच, पण मात्रेत कितीतरी पट फरक. "सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती चालेल का?" असं विचारणारे भेटतात. चालत नाही.

रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड' (झपाट्याने वाढणाऱ्या पेशी), 'टी-वन' (अस्तराखालच्या थरात शिरलेली गाठ) किंवा 'सीआयएस' (अस्तरातच सपाट पसरलेला कॅन्सर) असं लिहिलं असेल तर पहिली पसंती बीसीजीला, आणि माझ्या मते तिथे खर्चाकडे बघून केमोकडे वळू नये. गाठ परत येणं केमोनेही कमी होतं, पण रोग पुढे सरकू नये म्हणून भरवसा बीसीजीवर जास्त. एकच लहान, 'लो ग्रेड' म्हणजे सावकाश वाढणारी गाठ असेल तर ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत दिलेला केमोचा एक डोस बऱ्याचदा पुरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत असा जेमसायटाबिनचा एक डोस घेतलेल्यांत चार वर्षांत ३५ टक्के जणांची गाठ परतली, नुसतं सलाईनचं पाणी सोडलेल्यांत ४७ टक्के. पिशवीला ऑपरेशनमध्ये भोक पडलं असेल तर मात्र हा डोस देत नाहीत. या दोन टोकांच्या मधल्या रुग्णांना दोन्ही वाटा मोकळ्या असतात आणि खरी निवड त्यांचीच.

बीसीजी आठवड्याला एक असे सहा डोस, आणि नंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन, एक ते तीन वर्षं. ऑपरेशननंतर निदान दोन आठवडे थांबूनच सुरुवात. नळी घालताना रक्त आलं, लघवीत रक्त दिसतंय किंवा जंतुसंसर्ग झालाय, तर त्या दिवशी डोस पुढे ढकलायचा. एवढ्या लांब आलोय तर देऊनच टाका, असा आग्रह धरू नका. जखमेतून हे जिवंत जंतू रक्तात गेले तर अंगभर पसरतात. क्षय चालू असेल, मूत्रपिंड बदललेलं असेल, संधिवातासाठी स्टिरॉइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर बीसीजीआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. वीस वर्षांपूर्वी झालेला क्षयसुद्धा सांगा, आपल्याकडे लोक तो लपवतात.

केमोला ही क्षयाची अडचण नाही. जळजळ, वारंवार लघवी तिच्यातही होते. मायटोमायसिनचा थेंब कातडीला लागला तर तळहातावर आणि गुप्तांगावर पुरळ उठतं, म्हणून लघवीनंतर दोन्ही साबणाने धुवायचे. जेमसायटाबिन त्यामानाने सौम्य.

औषध पिशवीत एक ते दोन तास धरून ठेवायचं असतं. आदल्या चार तासांत पाणी, चहा कमी. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. औषध सोडल्यावर लगेच लोंढ्याची गाडी पकडू नका. दोन तास बेळगावातच काढा, पहिली लघवी तिथेच नीट संडासात करा. पुरुषांनीसुद्धा बसून करायची, म्हणजे उडत नाही. बीसीजी असेल तर पुढचे सहा तास प्रत्येक वेळी लघवीइतकंच ब्लीच भांड्यात ओतून १५ ते २० मिनिटांनी पाणी सोडायचं. संडास धुवायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. बसस्थानकामागे किंवा शेताच्या बांधावर हे जमत नाही. घरी संडास नसेल, वाट दोन-अडीच तासांची असेल, तर ते सहा तास नातेवाइकांकडे काढता येतील का बघा. नाहीच जमलं तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा. मधल्या गटातल्या रुग्णासाठी एवढं कारणसुद्धा केमोकडे वळायला पुरेसं असू शकतं. बीसीजीनंतर ४८ तास शरीरसंबंध नको, पुढे उपचार संपेपर्यंत निरोध.

एका तरुणाने दुकानात येऊन सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी मागितली. "आप्पांना काल पिशवीत औषध सोडलं, अंग तापलंय." कुठलं औषध, विचारलं तर बीसीजी. मी गोळ्या न देता डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. बीसीजीनंतर एक-दोन दिवस कणकण येते, पण सिप्रो, ओफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या आत सोडलेले जंतूच मारतात आणि डोस वाया जाऊ शकतो. उलट ताप १०१ च्या वर जाऊन दोन दिवस उतरलाच नाही, धाप लागली, डोळे पिवळे झाले, वृषण दुखून सुजलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. अशा वेळी क्षयाची औषधं लागतात, आणि त्यांतलं पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही. म्हणून रात्री जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'पिशवीत बीसीजी सोडलंय' हे पहिलं वाक्य.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आधी दाखवा, डोस नंतर. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. तेव्हा कोल्हापूर-मिरजेला जायचं ठरवलं तर तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडून, मंजुरी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर मुलांच्या सुट्ट्या टाकू नका.

बिडी-तंबाखूबद्दल निपाणीकडच्या माणसाला मी काय सांगणार! पण ओढत राहिलात तर दोन्ही औषधांचं काम अवघड होतं.

राहिली मिळण्याची गोष्ट. बीसीजीचा तुटवडा जगभर अधूनमधून पडतो. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हे औषध बनवते, तरी दुकानात नेहमी असेलच असं नाही. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून बर्फाच्या डब्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही. पहिल्या डोसआधीच सहाच्या सहा कुठून मिळणार हे विचारून ठेवा. मधेच तुटलं तर गप्प घरी बसू नका, डॉक्टरांना गाठा. जेमसायटाबिन आणि त्यानंतर डोसिटॅक्सेल, अशी केमोची जोडी अनेक ठिकाणी अशा वेळी वापरतात.