१९१७ की १९४१: अमेरिकी तटस्थतेचा कोणता टप्पा अभ्यासावा?
एम. ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकेचा पहिल्या महायुद्धातील प्रवेश घ्यावा की दुसऱ्या, या पेचात माझी भाची सापडली आहे. लोकमताच्या पुराव्याचे म्हणाल, तर १९१७ साठी वृत्तपत्रे, सभा आणि काँग्रेस सदस्यांना आलेली पत्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते. जॉर्ज गॅलप यांच्या जनमत चाचण्या १९३५ मध्ये सुरू झाल्याने १९४१ साठी आकडे हाताशी असतात, अर्थात प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर फिरते. कायद्यांचा प्रवासही, १९३५ च्या तटस्थता कायद्यापासून मार्च १९४१ च्या लेंड-लीजपर्यंत (मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याचा कायदा), सलग वाचता येतो.

कारणमीमांसेत मात्र १९१७ उजवे ठरते. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडून शंभराहून अधिक अमेरिकी मेले, तरी राष्ट्राध्यक्ष विल्सन युद्धात न उतरता थांबले. जर्मन पाणबुड्यांचा अनिर्बंध मारा आणि जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची मेक्सिकोला युतीचा प्रस्ताव देणारी तार यांनंतर, ६ एप्रिल १९१७ रोजी, युद्ध जाहीर झाले. तेव्हाही प्रतिनिधिगृहात ५० मते विरोधात होती. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानने केलेल्या हल्ल्यानंतर जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावाला विरोध करणारे मत एकच पडले. ते प्रतिनिधिगृहाच्या सदस्य जेनेट रँकिन यांचे होते; १९१७ मध्येही ‘नाही’ म्हणणाऱ्या या बाईंना या खेपेस संतापलेल्या गर्दीपासून वाचण्यासाठी टेलिफोन बूथचा आसरा घ्यावा लागला.

आकडेवारीत रमणाऱ्याने १९४१ घ्यावे. जुनी वृत्तपत्रे चाळण्याची चिकाटी असलेल्याने १९१७. भाचीला मी १९१७ सुचवले आहे.