शेतातल्या आखाड्यावर कॅमेरा : सोलर सिमवाला का डीव्हीआरवाला?

मेव्हणे विचारायलेत, विहिरीवरल्या केबली चोरीला जायल्यात तर कोणता कॅमेरा लावू. सोलरवाल्याला ना वायर ना लाईट, खांबावर ठोकला की झालं, पण सिमचा रिचार्ज कायमचा मागं लागतो अन् बहुतेक मॉडेल हालचाल झाली तरच जागे होतात, त्यातला पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता ओळखतो, म्हणून मे महिन्यात परभणीत पारा 40 च्या पुढं गेला की भर दुपारी माणूस अन् हवा त्याला जवळपास सारखीच, रात्री बरा चालतो. पॅनलवरली धूळ पुसावीच लागती.
डीव्हीआर म्हणजे वायरीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डब्बा, तो चोवीस तास हार्डडिस्कवर रेकॉर्ड करतो, पण लाईट गेली की आंधळा, मग इन्व्हर्टरचा खर्च. अन् चोरानं डब्बाच नेला तर?
मेगापिक्सलचं सोडा. नुसती विहीर असंल अन् रेंज असंल तर सोलर, गोठा-घर एकाच जागी असंल तर डीव्हीआर.