इस्पितळातली नोकरी की घरपोच रुग्णसेवा?

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं, "ताई, आयाचं काम दोन्हीकडे मिळतंय. कुठं धरू?" घरपोच कामाचा एजन्सीवाला महिन्याला चार पैसे जास्त देतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पैसा: घरी रोजावर जास्त, पण खाडा झाला की रोज बुडाला. इस्पितळात ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल आणि महिन्याचा पगार 21,000 च्या आत असेल, तर आजारपणाचे पैसे मिळतात. वर्षात 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा. एजन्सीत नेमणूकपत्र देतात का, ते आधी विचारा.

अंगमेहनत: मला इथंच घरचं काम अवघड वाटतं. अर्धांगाचा माणूस कुशीवर वळवायला इस्पितळात दुसरी बाई हाताशी असते. घरी चादर ओढून एकटीनं करायचं. कंबर जाते ती तिथंच.

सुरक्षा: 10 किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती हवीच (2013 चा कायदा). घरच्या मालकाविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, पण हे किती जणींना ठाऊक?

पाळणाघर: 50 किंवा जास्त कर्मचारी असले की सक्तीचं. तरी स्वतः जाऊन बघा, तिथं पाळणा आहे की सलाईनची खोकी.

मूल लहान असेल किंवा कंबर कुरकुरत असेल, तर इस्पितळ धरा. मुलं मोठी झालीत, रात्रपाळी नको आणि घर ओळखीतलं आहे, अशीला घरपोच काम बरं.