रंग फवारून पाहावे की सरसकट नमुने घ्यावेत?

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह) आतड्याच्या बऱ्याच भागात पसरलेला असेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी कर्करोगपूर्व बदल शोधण्यासाठी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सुरू करावी, असे मानले जाते. पित्तनलिकांचा पीएससी हा आजारही असल्यास मात्र निदान होताच. जुन्या पद्धतीत दर 10 सेंटिमीटरवर चारही बाजूंनी नमुने, म्हणजे एकंदर तीसहून अधिक तुकडे, घेतले जातात. तरीही आतड्याच्या अस्तराचा अगदी अल्प अंशच तपासला जातो, आणि पॅथॉलॉजिस्टचे काम वाढते ते वेगळेच.

क्रोमोएंडोस्कोपीत इंडिगो कार्माइन किंवा मिथिलीन ब्ल्यू फवारतात. निळ्या रंगामुळे सपाट, एरवी नजरेतून सुटणाऱ्या गाठींच्या कडा उठून दिसतात आणि संशयास्पद जागेचाच नमुना घेता येतो. 2015 च्या ‘सीनिक’ आंतरराष्ट्रीय शिफारशींनी हिलाच झुकते माप दिले. वेळ अधिक लागतो, हात सरावाचा हवा. आतडे नीट साफ नसेल किंवा दाह भडकलेला असेल, तर रंगाचा उपयोग फारसा होत नाही.

हाय-डेफिनिशन कॅमेऱ्यांमुळे रंगाची आघाडी आता घटली आहे. तरीही, सोय असल्यास, मी रंगच निवडेन. पीएससी किंवा पूर्वी डिस्प्लेसिया (पेशींतील कर्करोगपूर्व बदल) आढळलेल्या रुग्णांत मात्र त्याच्या जोडीला सरसकट नमुनेही घ्यावेत.