मंडईजवळचे टोप्यांचे दुकान

वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी काळी टोपी हवी होती, म्हणून गेल्या महिन्यात पुण्यात मंडईजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकान चार पावलांत संपते. भिंतीला लागून काळ्या-पांढऱ्या टोप्यांच्या चळती आणि वरच्या फळीवर लग्नामुंजीच्या तयार पगड्या. मालकांनी माप घेण्याआधी विचारले, "टोपी किती वेळ डोक्यावर राहणार आहे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. इंग्रज साहेब घरात शिरताना हॅट काढत असे. आपल्याकडची रीत नेमकी उलटी होती, जोडे उंबऱ्याबाहेर आणि पागोटे डोक्यावर. बैठकीत, कचेरीत किंवा कीर्तनाला बोडक्याने बसणे असभ्य मानले जाई. माझे आजोबा वाईजवळच्या एका शाळेत शिक्षक होते. दाराशी पाहुणा आला की ते आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवत आणि मगच "या, बसा" म्हणत. १९२०-२१च्या असहकार चळवळीनंतर अनेकांच्या डोक्यावर पगडीऐवजी गांधी टोपी आली, तरी डोके झाकण्याचा रिवाज तसाच राहिला. तो सुटला तो वडिलांच्या पिढीत. ते नोकरीला लागले तेव्हा कचेरीत दोन वयस्कर कारकून आणि शिपाई एवढेच टोपी घालत. आता आरतीच्या वेळी खिशातला रुमाल डोक्यावर येतो, आणि बँकेच्या दारावर मात्र टोपी, हेल्मेट काढून आत येण्याची सूचना असते, कारण कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा.

समारंभ चार तासांचा आहे असे सांगितल्यावर मालकांनी कडक पुठ्ठ्याची टोपी बाजूला ठेवली आणि मऊ, सुती अस्तराची लोकरी टोपी काढली. बावीस इंची टोपी कानांच्या वर नीट बसली, कपाळावर वळ उठला नाही आणि वडिलांनी ती जेवणाची पाने मांडेपर्यंत उतरवली नाही. किंमत ३५० रुपये, म्हणजे मुळीच जास्त नाही. पाहुण्यांसाठी दहा पांढऱ्या टोप्याही घेतल्या; त्यांची शिवण सरळ आहे, मात्र खळ इतकी कमी की दोन घड्या घातल्यावर टोक पडते. त्या घरी पुन्हा खळ घालून इस्त्री कराव्या लागल्या. घेतानाच तसे सांगितले असते तर बरे झाले असते.

आणखी एक उणीव आहे. काळ्या टोपीचा रंग घामाने अस्तराला किंचित लागला. परत नेल्यावर मालकांनी वाद न घालता अस्तर बदलून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. शक्य असेल तर ज्यांना टोपी घालायची आहे त्यांनाच सोबत न्यावे. आम्ही दोऱ्याने घेतलेले माप अर्धा इंच चुकले होते आणि त्यापायी दुसरी खेप पडली. दुपारी एक ते चार दुकान बंद असते.