आंब्याची कोय आणि राजारामपुरीतला दवाखाना

चार स्टार. एक कापलाय तो पार्किंगपायी. पंचवीस किलोचं कुत्रं गल्लीच्या तोंडापासून उचलून आणलंय मी.

मे महिन्यात घरी आमरस झाला. पायरीच्या कोयींची बादली परड्यात तशीच राहिली, त्यातली एक आमच्या कुत्र्यानं, बंड्यानं, कधी गिळली कळलंच नाही. दोन दिवसांनी उलट्या सुरू. आधी जिथं नेलं तिथं 'ऊन लागलंय' म्हणून इंजेक्शन देऊन पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा ठरेना, पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा. मग इथं आलो.

मॅडमनी पहिलंच विचारलं, "घरातलं काय दिसेनासं झालंय? बॉल, मोजा, कणसाचा बुरकुंडा?" तेव्हा बायकोला बादली आठवली. एक्स-रेत कोय दिसली नाही, हाडासारखी ती उठून दिसत नाही म्हणे. पण आतडी वाऱ्यानं टम्म फुगलेली. सोनोग्राफीत मात्र कोय आणि तिच्यामागची काळी सावली स्पष्ट. तरी लगेच टेबलावर घेतलं नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार गेलेले, म्हणून आधी तीन तास सलाईन. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझं उद्यमनगरात लेथचं काम, त्यामुळं ऑपरेशनचा जॉब कसा केला हे विचारल्याशिवाय राहवेना. चीर कोयीवर नाही, तिच्या जरा पुढं घेतली. अडकल्या जागेची भिंत सुजून कच्ची झालेली असते, तिथं टाका धरत नाही. कोय सरकवून काढली, शिवलं, आणि आतड्यात सुईनं सलाईन भरून गळती तपासली. अहो, हे तर आमचं हायड्रॉलिक टेस्टिंग! आतडं काळं पडलं असतं तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागली असती.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसात टाके गळायची भीती जास्त, म्हणून रोज फोन करा म्हणाल्या. चौथ्या रात्री साडेअकराला केला, बंड्या नुसता गाढ झोपला होता. फोन उचलला, रागावल्या नाहीत.

बिल 18,500. अंदाज आधीच कागदावर लिहून दिलेला, पाचशेच वर गेले.

कोय डबीत घालून दिली. व्हर्नियर लावला, जाडी 21 मिमी. कारखान्याच्या खिडकीत ठेवलीय, गिऱ्हाईकं विचारतात हा कुठल्या मशीनचा पार्ट.